नजर किनाऱ्यावर, धोका दप्तरात

महोदय,

शाळा-महाविद्यालयांच्या परिसरातील अमली पदार्थांच्या विक्रीवर पोलिसांनी अधिक कडक पाळत ठेवावी, ही आपल्या संपादकीयातील मागणी रास्त असली, तरी त्यात पालकांचा ओझरता उल्लेखही नाही, हे खटकले. गोव्यात हा विषय निघाला की आपली बोटे हणजूण-वागातोरच्या पार्ट्यांकडे वळतात आणि फोंडा, डिचोलीतले आपण निर्धास्त होतो. केंद्र सरकारने ‘एम्स’कडून करवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात मात्र हुंगून नशा करण्याचे प्रमाण मुलांमध्ये १.१७ टक्के, तर प्रौढांमध्ये ०.५८ टक्के आढळले. मुले मोठ्यांच्या पुढे असलेला हा एकमेव प्रकार होय. थिनर, पंक्चरचे सोल्यूशन, व्हाइटनर या वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात राजरोस मिळतात, त्यामुळे त्या कोणत्याही छाप्यात सापडणार नाहीत. रुमालाला येणारा उग्र वास, ओठांभोवतीचे पुरळ किंवा अचानक तुटलेली जुनी मैत्री घरच्यांनाच दिसू शकते. अर्थात, त्यासाठी शिकवणीच्या वेळापत्रकापलीकडे मुलांशी काही बोलणे व्हायला हवे. संशय आल्यावर मारझोड केली किंवा ‘लोक काय म्हणतील’ म्हणून प्रकरण दडपले, तर मूल अधिकच दुरावते. १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी निःशुल्क आहे आणि बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात व्यसनमुक्तीचे उपचारही होतात. पालकसभेत गुणपत्रिकेसोबत एवढी माहिती शाळांनी दिली, तरी पुष्कळ झाले.

— एक पालक, फोंडा