हिमायत बाग रिकामी पडलेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत आपल्या छत्रपती संभाजीनगरातील हिमायत बाग आणि तिच्या आजूबाजूच्या वास्तूंवर आपण पानभर लेख छापला, ही गोष्ट एरवी आनंदाचीच होती. दिल्ली दरवाजा, सलीम अली सरोवर, किले अर्क, पाणचक्की ही सगळी स्थळे एका दमात पायी पाहता येतात, हे नव्या पिढीला सांगण्याची गरज होतीच, आणि छायाचित्रेही चांगली आहेत. परंतु त्याच पानाच्या तळाशी एक चौकट आहे. त्या चौकटीत ‘शहराच्या ऐन मध्यावर वापराविना पडून असलेल्या तीनशे एकरांचे’ काय करता येईल, याची यादी दिली आहे. संगीतावर नाचणारे कारंजे, मुलांसाठी छोटी रेल्वे, रात्रीची रोषणाई, खाद्यपदार्थांचे गाळे आणि चहूबाजूंनी काँक्रीटचा चालण्याचा मार्ग. हे वाचल्यावर आज सकाळी पहिले काम म्हणून हे पत्र लिहायला बसलो आहे.

‘वापराविना पडून’ या शब्दांना माझी हरकत आहे. कृषी खात्यात सारी नोकरी काढलेल्या माणसाला ते शब्द लागले, हे मी लपवत नाही. हिमायत बागेत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आणि रोपवाटिका आहे. तिथे आंब्याचे मातृवृक्ष आहेत. मातृवृक्ष म्हणजे ज्याच्या जातीची खात्री आहे आणि ज्याच्या काडीवरून पुढची कलमे बांधली जातात, असे झाड. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते रोप, कोणताही गावरान चालतो, काडी मात्र अस्सल लागते. ती चुकली, तर शेतकऱ्याला ते कळायला चार-पाच वर्षे जातात, कारण तोवर झाडाला फळच धरलेले नसते. केशर आंबा म्हणून लावलेले झाड भलतेच निघाले की त्या कुटुंबाची तेवढी वर्षे, तेवढे पाणी आणि तेवढी आशा वाया गेलेली असते. अशी फसवणूक झालेले शेतकरी मी नोकरीत फार पाहिले आणि प्रत्येकाला पुढच्या खेपेस हिमायत बागेतूनच कलमे नेण्याचा सल्ला दिला. आमच्या स्वतःच्या वावरातील केशरची कलमेही इथलीच. ज्या बागेच्या काड्या अशा गावोगावच्या बांधांवर जाऊन रुजल्या, तिला वापराविना पडलेली म्हणणे हा त्या झाडांचा आणि त्यांची राखण करणाऱ्या मजुरांचा अपमान आहे.

आता रोषणाई आणि काँक्रीटच्या मार्गाविषयी. त्यावर तात्त्विक चर्चा करण्याऐवजी मी डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगतो.

आमच्या भागात, बागेपासून फार लांब नाही अशा रस्त्यावर, एका सरकारी कार्यालयासमोर चिंचेचे झाड होते. त्याच्या बुंध्याला दोघांची कवळ पुरत नसे. त्याच्या सावलीत रिक्षा उभ्या राहत, कार्यालयात अर्ज घेऊन आलेली खेड्यापाड्यांतली माणसे बसून भाकरी खात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास दौलताबादकडच्या एक मावशी सीताफळांची पाटी घेऊन बसत. पुढे तो रस्ता सुशोभीकरणाच्या यादीत आला. गुत्तेदाराने एका आठवड्यात दोन्ही कडा फूटभर खोल उकरल्या, त्यात चिंचेच्या मांडीएवढ्या मुळ्या यंत्राने तोडल्या गेल्या, वर खडी पसरून रोलर फिरवला, त्यावर काँक्रीटचा थर दिला आणि थेट बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले. पाणी मुरायला वीतभरही आळे ठेवले नाही. वर झाडाच्या अंगात खिळे ठोकून रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या.

काम चालू असतानाच मी तिथल्या अभियंत्यांना भेटलो. झाडाची पाणी आणि अन्न ओढणारी बारीक मुळे खोल नसतात, ती वरच्या दोन-तीन फुटांच्या मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते आणि माती दाबून वर काँक्रीट ओतले की ती गुदमरतात. हे सारे मी त्यांना शांतपणे सांगितले. निदान बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी सोडा, खर्चही वाचेल, अशी विनंती केली. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा पाजला आणि म्हणाले, ‘‘काका, आम्ही झाड कुठं तोडलंय? जागच्या जागी उभंच आहे की!’’ मी लेखी अर्ज दिला. त्याची पोच माझ्याकडे अजून आहे, उत्तर आलेले नाही.

पहिल्या उन्हाळ्यात त्या चिंचेची पालवी विरळ आली. दुसऱ्या उन्हाळ्यात शेंडा वाळला, मग शेंड्याकडून खाली एकेक फांदी वाळत आली आणि साल सुटू लागली. त्यानंतरच्या पावसाळ्याआधी झाडावर ‘धोकादायक’ अशी पाटी लागली आणि रीतसर परवानगी काढून ते कापण्यात आले. कागदोपत्री पाहिले तर तिथे एक वाळलेले झाड नियमानुसार काढले गेले, एवढीच नोंद सापडेल. ते कोणी वाळवले, हे कुठल्याही फायलीत नाही. सीताफळवाल्या मावशी दोन हंगाम तिथेच उन्हात बसल्या, नंतर आल्याच नाहीत. त्या जागी आता कृत्रिम हिरवळ आणि सेल्फीसाठी उभारलेली इंग्रजी अक्षरे आहेत.

‘झाड कुठं तोडलंय’ या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे आणि ते अभियंत्यांना ठाऊक असायला हवे होते. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालचा आहे. त्याच्या व्याख्येनुसार झाड तोडणे म्हणजे नुसती कुऱ्हाड चालवणे नव्हे; ते जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तोडण्यातच मोडते. मुळ्या छाटून वर काँक्रीट ओतणे ही इजा नाही, असे कोणी म्हणणार असेल तर त्याने ते लेखी द्यावे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरच्या आतले काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता. मी त्या दिवशी एक मीटरच मागितला होता. आपल्या राज्याच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. असे झाड काढायची वेळ आलीच, तर त्याच्या वयाइतकी रोपे लावणे बंधनकारक झाले. हिमायत बागेत अशी वयस्क झाडे किती आहेत, हे कोणीही आत फेरी मारून पाहावे. तिथे छोट्या रेल्वेचे रूळ टाकण्याची कल्पना मांडणाऱ्या आपल्या लेखकांनी ही फेरी मारली होती का, असा मला प्रश्न पडतो, कारण संपूर्ण लेखात एकाही झाडाचे नाव नाही.

आणि पाण्याचे काय? ज्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येणार हे घराघरात बोटांवर मोजले जाते, जायकवाडीहून पाणी उपसून आणावे लागते, त्या शहरात तीनशे एकर मोकळ्या मातीची किंमत मी वाचकांपुढे मांडतो. आपल्याकडे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, असे धरले तर या तीनशे एकरांवर सुमारे ८५ कोटी लिटर पाणी पडते. त्यातले सगळे मुरत नाही, काही वाहून जाते, काही उडून जाते, परंतु जे मुरते ते मातीमुळेच मुरते. काँक्रीटचा मार्ग, गाळे आणि वाहनतळ झाले की तेच पाणी रस्त्यावर येईल. या शहराची घडणच जमिनीखालच्या पाण्यावर झाली आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी (या शहराचे मूळ नाव) वसवली, तेव्हा पाठोपाठ नहरी, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारे मार्गही खोदले. पाणचक्कीला पाणी सुमारे आठ किलोमीटरवरून मातीच्या नळांतून जमिनीखालून येत असे आणि त्याच्या धारेवर दळलेले पीठ फकीर, यात्रेकरू आणि सैनिकांना पुरत असे. आपल्या लेखात पाणचक्कीवर दोन परिच्छेद आहेत, पण तिच्या पाण्यावर एक वाक्य नाही.

बाग लोकांना बंदच ठेवा, असे माझे म्हणणे नाही. पहाटेच्या वेळी आजही बागेच्या बाजूने मोरांचा आवाज येतो, समोरच्या सरोवरावर हिवाळ्यात पक्षी उतरतात, आणि हे मुलांनी पाहिले पाहिजे. सकाळी ठरावीक तास, मातीच्या पायवाटांवरून, केंद्रातील माहीतगार माणसाबरोबर शाळांच्या सहली आत जाव्यात. झाडांवर खिळे न ठोकता, जमिनीत रोवलेल्या पाट्यांवर त्यांची नावे आणि जाती लिहाव्यात. मुलांना कलम कसे बांधतात, ते हाताने करून पाहू द्यावे. मृदकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या फुटीवर बांधायचे कलम, बांधायला शिकलेले मूल ते आयुष्यभर विसरत नाही. रात्री मात्र तिथे अंधारच हवा. झाडांना, वटवाघळांना आणि पाखरांना रात्र लागते, आणि शहरात त्यांच्यासाठी अंधाराची जागा आता फारशी उरलेली नाही. या कोणत्याही गोष्टीसाठी निविदा काढावी लागत नाही, कदाचित म्हणूनच त्या कोणाच्या यादीत येत नसाव्यात.

जाता जाता एक वेगळी तक्रार, कारण ती याच पानावरची आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यातील छायाचित्राखाली ‘दिल्ली दरवाजा’ असे छापले आहे. तो भडकल दरवाजा आहे. मलिक अंबरने मोगलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ साली उभारलेली ही कमान आपण औरंगजेबाच्या काळातील तटबंदीच्या दरवाजाच्या नावावर घातली आहे. ज्यांच्याशी तो माणूस आयुष्यभर लढला, त्यांच्याच खात्यावर त्याची वास्तू जमा झाली. आपले वृत्तपत्र शाळांच्या वाचनालयांत जाते, मुले कात्रणे काढून वह्यांत चिकटवतात आणि तीच चूक पुढे निबंधांत उतरते. मागेही एकदा मकाई दरवाजाच्या बाबतीत असेच झाले होते आणि तेव्हाही मी कळवले होते. दुरुस्ती छापली गेली नाही. या वेळी ती छापावी, आणि ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर छापावी.

दुसरी विनंती अशी की, जूनमध्ये पाऊस सुरू होण्याच्या सुमारास आपल्या वार्ताहरास हिमायत बागेच्या रोपवाटिकेत पाठवावे. त्या वर्षी कोणत्या जातींची कलमे उपलब्ध आहेत, दर काय आहेत आणि विक्री कोणत्या वेळेत चालते, एवढी माहिती ग्रामीण आवृत्तीत ठळक छापावी. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, पैठण तालुक्यांतील शेतकऱ्यांना तिचा उपयोग होईल.

कळावे,

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त, कृषी खाते)
दिल्ली दरवाजा परिसर, छत्रपती संभाजीनगर