माझे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबलेल्या डॉक्टरांस

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

हे सारे तुम्हाला समक्ष सांगावे असे मनात होते, परंतु तपासणीला आलो की घसा दाटून येतो आणि राहून जाते. म्हणून चारचौघांसमोर लिहितो आहे.

एसटीच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गाड्यांच्या घोषणा करण्यात माझी हयात गेली. पुढे बिड्यांनी फुफ्फुसे पोखरली, एम्फिसेमा, म्हणजे फुफ्फुसांतले हवेचे बारीक कोश फुटण्याचा आजार, झाला आणि एकही वाक्य एका दमात पुरे होईना. चार शब्दांवर मी अडलो की समोरचा माणूस ते आपल्या मनाने पूर्ण करी. घरचे मायेपोटी, आधीचे दोन डॉक्टर घाईपोटी. त्यांतल्या एकाने "बिड्या ओढताना आम्हाला विचारलं होतं का?" असे सुनावले, तर दुसऱ्याने फुफ्फुसांवरील शस्त्रक्रियेनंतर तरुणासारखे धावाल अशी हमी देऊन थेट खर्चाचा आकडा सांगितला. पहिल्याचे बोलणे निदान खोटे तरी नव्हते.

तुम्ही स्टूल ओढून बसलात, पेनाला टोपण लावलेत आणि "मला... विचारायचं होतं..." एवढे बोलून मी श्वासासाठी थांबलो तेव्हा गप्प राहिलात. सौ. मध्येच बोलू लागली, तिला हातानेच थांबवलेत. अर्धे मिनिट तरी गेले असेल. "...मी यातून... बरा होईन का?" हा प्रश्न माझ्याच तोंडून पुरा झाला.

"बरे नाही होणार, काका. श्वास घेणं सोपं होईल, तेही कदाचित."

फुटक्या वायुकोशांत हवा कोंडून फुफ्फुसे फुगतात व श्वासपटल दाबून चपटे करतात. वरचा निकामी झालेला २० ते ३० टक्के भाग काढला की उरलेल्याला हलायला जागा मिळते, हे मला तेव्हा प्रथम कळले. अमेरिकेतील १२१८ रुग्णांच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटातील शंभरात सुमारे ८ जण पहिल्या ९० दिवसांत दगावले, औषधोपचारावरच्यांत एखादाच, हेही तुम्ही लपवले नाहीत. रोग वरच्या भागात एकवटलेला आणि व्यायामानंतरही चालण्याची ताकद कमी, अशांना सर्वाधिक लाभ झाला म्हणे. अशक्तपणा असा कामी येईल असे कधी वाटले नव्हते. बिडी सुटल्याची खात्री पटेपर्यंत आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडण्यासह काही आठवड्यांचा व्यायाम होईपर्यंत तुम्ही तारीख दिली नाहीत, याचा तेव्हा राग आला होता.

शस्त्रक्रियेनंतर छातीतल्या नळीच्या बाटलीत अकरा दिवस बुडबुडे येत होते. सौ. घाबरली, मी नाही, कारण बहुतेकांच्या फुफ्फुसातून काही दिवस हवा गळते, हे तुम्ही आधीच सांगून ठेवले होते.

आज सात महिने झाले. मधे एकदा थांबून एक मजला चढतो, अंघोळ स्वतः करतो. हा लाभ काही वर्षांत हळूहळू ओसरतो हे ठाऊक आहे. परवा नातवाच्या आग्रहाखातर "सातारा-पुणे विनाथांबा गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे" ही घोषणा केली. दोन दमांत झाली. पूर्वी पाच लागले असते, आणि शेवटचे तीन तर दुसऱ्याच कोणीतरी म्हटले असते.

आपला कृतज्ञ,
एक रुग्ण