अण्णा, विमान उघड्यावर असतं ते असं

फिनिक्स, अ‍ॅरिझोना
रविवार, दुपार

आई, अण्णा, दोघांना नमस्कार.

परवा फोनवर अण्णांनी विचारलं की अरे ते विमान तुम्ही रात्रंदिवस उघड्यावर ठेवता, ऊन-पाऊस काही होत नाही का त्याला, आणि मी "कव्हर असतं ना अण्णा" एवढंच बोलून पोरांच्या शाळेचा विषय काढला. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलंय. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मोठं आहे आणि त्यात एक गोष्ट अशी आहे जी मी गेल्या जुलैपासून तुमच्यापासून लपवलीय. आज विमान धुऊनपुसून, झाकून घरी आलो, जेवलो आणि लगेच लिहायला बसलो.

आधी विमानाचं सांगतो. आम्ही चौघांत मिळून घेतलेलं आहे, सेसना 172, चार सीटचं. हे मॉडेल 1956 पासून बनतंय आणि आजवर 44 हजारांच्या वर बनलीत, म्हणजे जुनं असलं तरी पार्ट मिळतात, मेकॅनिक मिळतो. रिकामं वजन सातशे किलोच्या आसपास, आपल्या ट्रॅक्टरच्या निम्मंसुद्धा नाही. पंख ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत 11 मीटर. हँगर, म्हणजे विमानाचं गॅरेज, त्याच्यासाठी आम्ही नंबर लावून ठेवलाय पण पुढे इतके लोक आहेत की कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून डांबरावर उघड्यावर, जमिनीत लोखंडी कड्या ठोकलेल्या असतात त्यांना बांधून ठेवतो. दोन साखळ्या पंखांना, एक शेपटीला. अगदी दावणीला बांधल्यासारखं.

बांधायचं कारण अण्णांना लगेच कळेल. हे विमान ताशी नव्वद-शंभर किलोमीटरच्या वेगाला हवेत उचललं जातं. आता विमान पळतंय की वारा पळतोय हे पंखाला थोडंच कळतं. इथे पावसाळा म्हणजे 15 जून ते 30 सप्टेंबर, पाऊस बेताचाच पण त्याच्या आधी धुळीची भिंत येते, हबूब म्हणतात तिला, आभाळ तांबडं होतं आणि वारा कधीकधी शंभरी गाठतो. न बांधलेलं विमान त्यात जागच्या जागी उचलून उलटं पडतं. मागे वादळात आपल्या कांदाचाळीचे पत्रे कसे गेले होते, तसंच.

आता कव्हरचं. तुम्ही म्हणालात ताडपत्री टाकायची की. सुरुवातीला आमच्यातल्या एकाने तसंच स्वस्तातलं चंदेरी कव्हर आणलं होतं, ताडपत्रीचाच भाऊ. त्याने नुकसानच जास्त केलं. विमानाची समोरची काच ही काच नसतेच, अ‍ॅक्रिलिक असतं, प्लास्टिकसारखं, हलकं पण मऊ. कव्हर सैल असलं की वाऱ्यात फडफडतं आणि खाली अडकलेली धूळ त्या काचेवर रात्रभर घासत बसते, पॉलिश पेपर मारल्यासारखी. तीन महिन्यांत अशी झाली की सकाळी सूर्याकडे तोंड केलं की समोरचं सगळं धुकट, काही दिसायचंच नाही. शिवाय तो जाड कागद श्वास घेत नाही. कांद्याच्या ढिगावर प्लास्टिकचा कागद टाकून दोन दिवस विसरलं की खाली कांदा कसा घामेजतो ते तुम्हाला मी काय सांगणार, तसंच ओल कोंडली की अ‍ॅल्युमिनियमला खालून गंज धरतो आणि वरून दिसत नाही.

मग चौघांनी पैसे काढून मापाचं शिवून घेतलं. जाड कापड, रंग मुळातच धाग्यात असतो त्यामुळे उन्हाने लवकर विटत नाही, पाणी बऱ्यापैकी अडवतं पण वाफ बाहेर जाऊ देतं, आणि काचेला लागते त्या बाजूला मऊ अस्तर. समोरची काच, दारांच्या काचा, छत, सगळं एका तुकड्यात झाकतं, पोटाखालून पट्टे घेऊन ताणून बांधायचं. बकल प्लास्टिकचेच, वाऱ्यात आपटले तरी पत्र्याला पोचा पडू नये म्हणून. झाकायच्या आधी काच भरपूर पाण्याने धुवायची, फडकं वरून खाली सरळ फिरवायचं, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडे उन्हात जाळ्यासारखे चमकतात. आणि घरातलं काच पुसायचं निळं लिक्विड अजिबात नाही, त्यात अमोनिया असतो, त्याने अ‍ॅक्रिलिकला आतून बारीक बारीक तडे जातात.

उन्हाचं तर विचारूच नका. 2023 मध्ये इथे सलग 31 दिवस 43 अंश किंवा त्याच्या वर होतं. बंद विमानात त्याहून कितीतरी जास्त, सीटबेल्टचं बकल हातात धरवत नाही, रेडिओ आणि डॅशबोर्डचं प्लास्टिक शिजून निघतं. कव्हर घातल्यापासून आत निदान बसवतं. मिनिसोटातला माझा मित्र आहे, त्याचं उलटं, तो पंखांनाही कव्हर घालतो कारण तिकडे रात्रीतून हिव, म्हणजे गोठलेलं दव, साचतं. पॉलिश पेपरइतका खरखरीत थर जरी पंखावर बसला तरी उचलायची ताकद तीस टक्क्यांपर्यंत कमी होते, त्यामुळे ते पूर्ण काढल्याशिवाय उडायचंच नाही असा नियम आहे. आम्हाला इथे तेवढं एक टेन्शन नाही.

इंजिनच्या तोंडाला दोन भोकं असतात हवा जायला, त्यात लाल फोमचे बोळे बसवायचे. नाहीतर पक्षी घरटं करतात. खरंच सांगतो, सकाळी उडवून आणलेल्या विमानात संध्याकाळपर्यंत ओंजळभर काड्या सापडल्यात. इंजिन तापलं की तो काडीकचरा पेटू शकतो. दोन्ही बोळ्यांना जोडणारी एक दोरी विमानाच्या नाकावरच्या पंख्यावरून घेतलेली असते, म्हणजे विसरून कुणी इंजिन चालू केलंच तर पंखाच ती ओढून फेकून देतो. ही युक्ती ज्याला सुचली त्याला मी मनातल्या मनात हात जोडतो.

आता ती गोष्ट.

डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते, पिटो म्हणतात. समोरून वारा तिच्यात शिरतो आणि त्या दाबावरून विमानाचा वेग काट्यावर दिसतो. तिच्यावर लाल कापडाची पिशवी चढवायची असते, खाली लांब लाल पट्टी लोंबत असते, लक्षात राहावं म्हणून. गेल्या जुलैत एका रविवारी मी उतरलो तेव्हा फोनवर वादळाचा अलर्ट आला, मी घाईघाईत साखळ्या लावल्या, मोठं कव्हर ताणलं, बोळे बसवले आणि ती एवढीशी पिशवी सीटच्या खिशातच राहिली.

आई, कुंभारीण माशी आठवते का तुला? आपल्या ओसरीच्या दाराच्या कडीच्या भोकात दरवर्षी मातीचं घर करायची आणि कडी लागायची नाही, मग तू केसांचा आकडा घेऊन कोरत बसायचीस. तीच, तिच्याच जातीची माशी इथेही आहे.

गुरुवारी पहाटे पाचला गेलो. विमानाला चक्कर मारून सगळं बघायचं असतं, मी बघितलंही, नळीचं तोंड मोकळं दिसलं. पण टॉर्च मारला नाही, अंधार होता, माती आत होती. रनवेवर पळायला लागलो. वेगाचा काटा जागचा हलला की "एअरस्पीड अलाईव्ह" असं मोठ्याने म्हणायचं ही शिकवण आहे, एकटे असलो तरी. मी काट्याकडे बघतोय आणि काटा शून्यावर. बाहेर दिवे भराभर मागे चाललेत, चाकं हलकी व्हायला लागलीत हे बुडाला कळतंय आणि काटा शून्यावर. थ्रॉटल मागे ओढून इंजिनचा जोर काढला, ब्रेक लावले, थांबलं. रनवे लांब होता, विमान जमिनीवरच होतं, मला काही झालं नाही, विमानालाही काही झालं नाही. टॉवरला सांगून बाजूला घेतलं, इंजिन बंद केलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. वेग न कळताही उतरता येतं, तेही शिकवलेलं असतं, पण त्या दिवशी वर गेलो असतो तर काय झालं असतं हा विचार अजून मध्यरात्री येतो.

मेकॅनिकने नळी काढून आणली आणि पांढऱ्या कागदावर हळूच ठोकली. वाळलेल्या मातीची गोळी पडली, पावट्याएवढी, आणि तिच्यासोबत तीन बारके कोळी, पाय पोटाशी घेतलेले. माशी त्यांना डंख मारून लुळं करते आणि पिल्लांच्या खाण्यासाठी आत ठेवून बाहेरून लिंपून टाकते. चार दिवसांत.

त्या रात्री मी शोधून वाचलं. 6 फेब्रुवारी 1996 ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पोर्तो प्लाताहून निघालेलं बोइंग 757 समुद्रात पडलं, 189 माणसं गेली. ते विमान काही आठवडे जमिनीवर उभं होतं आणि पिटोवर कव्हर नव्हतं. नळ्या समुद्रातून वर काढल्या नाहीत, पण तपासात कुंभारीण माशीचाच संशय सगळ्यात मोठा ठरला. आणि उलटंही झालंय. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ह्याच माश्यांच्या भीतीने कव्हर घालतात, तिथून 18 जुलै 2018 च्या रात्री एक मोठं एअरबस तिन्ही पिटोची कव्हर तशीच ठेवून उडालं. सुखरूप परत उतरलं म्हणून बरं. म्हणजे घालायला विसरलं तरी तेच, काढायला विसरलं तरी तेच.

तुमच्या सुनेला मी त्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही, आई जेवायची नाही म्हणून. पण अण्णा, तुम्ही सरळ विचारलंत आणि मी टाळलं, ते मला पटलं नाही. आता विमानाच्या दारात आतून कागद चिकटवलाय, काय काय झाकलं, काय काय काढलं, चौघंही त्यावर सही केल्याशिवाय हलत नाही. आणि टॉर्च माझ्या गाडीच्या किल्लीलाच अडकवलाय.

आई, तुला एक काम सांगू का. पिटोची पिशवी उन्हाने विटून गुलाबी झालीय, पट्टी पण फाटलीय, लांबून दिसत नाही. तुझ्या मशीनवर चार शिवून देशील? कापड जाड सुती कॅनव्हासचं घे, भडक लाल. नायलॉन अजिबात नको, नळी आतून हीटरने तापते, कधी गरम असतानाच चढवली तर नायलॉन वितळून चिकटतं. नळीचं माप कागदावर गिरवून ताईच्या व्हॉट्सअ‍ॅपला फोटो टाकतो, सोबत पट्टी ठेवलीय इंचाची. खालची पट्टी हातभर लांब ठेव आणि जोडाला डबल शिलाई मार, इथे वारा फार आहे. ताई दिवाळीनंतर येणार आहे ना, तिच्या बॅगेत दे.

पट्टीवर इथे इंग्रजीत लिहिलेलं असतं. तू मराठीत भरलंस तरी चालेल, "उडण्याआधी काढ". बाकीच्या तिघांना मी वाचायला शिकवतो.

तुमचा,
बाळू