वाशीच्या घराच्या वायरिंगविषयी

पाचपाखाडी, ठाणे
2 मे

प्रिय अनिल,

सप्रेम नमस्कार.

वाशीच्या घराचा ताबा मिळाला, काकूंना स्वतंत्र खोली झाली, हे ऐकून फार समाधान वाटले. काल फोनवर तू विचारलेस की दिवे लागतात, पंखे फिरतात, गीझरचे पाणीही तापत होते, मग मी गीझर बंद का ठेवायला सांगितला आणि रंगकामाआधी वायरिंगचा खर्च काढायला का लावतो आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फोनवर घाईत देण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहितो. दिवा लागायला वीज आणणारी फेज आणि ती परत नेणारी न्यूट्रल या दोन तारा पुरतात. माणूस वाचायला तिसरी, जमिनीला जोडलेली अर्थिंगची तार लागते, आणि ती जागोजागी तुटलेली असली तरी घरातले एकही उपकरण बंद पडत नाही. त्यामुळे सगळे चालू आहे एवढ्यावरून वायरिंग सुरक्षित आहे असे धरून चालता येत नाही.

तू रंगाऱ्याशी बोलत होतास तेव्हा मी मेन बंद करून बाथरूमबाहेरचा गीझरचा बोर्ड उघडला होता. सॉकेटच्या फेजच्या बाजूचे प्लास्टिक तपकिरी पडले होते आणि स्क्रूजवळच्या वायरचे आवरण बोट लावताच भुग्यासारखे गळत होते. पण मला खरी धास्ती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. पाइपातून हिरवी वायर आलेलीच नव्हती. तिच्या जागी न्यूट्रलच्या टर्मिनलवरून अर्थच्या टर्मिनलपर्यंत बोटभर काळ्या वायरचा जंपर टाकलेला होता. असा जंपर टाकला की फेज आणि अर्थ यांमध्ये टेस्ट लॅम्प छान पेटतो आणि बघणाऱ्याला अर्थिंग ठीक असल्याचे वाटते. आता समज, डीबीपासून, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीपासून, त्या बोर्डापर्यंत न्यूट्रल कुठे सैल होऊन तुटली. गीझर तापायचा थांबेल, पण फेज त्याच्या कॉइलमधून न्यूट्रलच्या तुटलेल्या टोकापर्यंत आणि तिथून जंपरवाटे थेट गीझरच्या धातूच्या अंगावर येईल. पाणी गरम का येत नाही हे बघायला काकू ओल्या हाताने नळ उघडतील, नेमकी तीच वेळ सर्वांत धोक्याची असेल. म्हणून मी गीझरची एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, खाली करून तिच्यावर पट्टी चिकटवली. ती पट्टी कोणीही काढू नये, वहिनींनाही तसे सांगून ठेव.

तू म्हणशील, एमसीबी आहे की. आधीच्या मालकाने जुने किटकॅट फ्यूज काढून एमसीबी बसवल्या हे चांगलेच केले. परंतु एमसीबी राखते ती वायरला. आपला पुरवठा 230 व्होल्टचा आहे. ओल्या अंगाचा रोध 1000 ओहमच्या आसपास धरला तर अंगातून जाणारा प्रवाह पाव अँपिअरही भरत नाही. 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसाचे हृदय बिघडवायला मात्र तो पुरेसा असतो. माणसासाठी आरसीसीबी लागते, आणि तुझ्या डीबीत ती नाही. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परतला की नाही हे ती सतत पाहते, आणि 30 मिलिअँपिअरची तफावत पडली की सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. घरासाठी 30 मिलिअँपिअरचीच घे. 100 किंवा 300 ची आगीपासून संरक्षणासाठी असते, माणसासाठी नव्हे. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली तर तिलाही काही कळत नाही, कारण तफावतच पडत नाही. त्यामुळे ती बसवली म्हणून कोणी चालू बोर्डात हात घालावा असे मुळीच नाही, आणि ती आहे म्हणून अर्थिंग नको असेही नाही. दोन्ही लागतात.

तुमच्या भागातल्या पावसाळ्याविषयी आताच सांगून ठेवतो. जुन्या इमारतींच्या बाहेरच्या भिंतींतून ओल झिरपते, भिंतीत दडवलेल्या कन्सिल वायरिंगच्या पाइपात पाणी उतरते आणि ऐन जुलैत आरसीसीबी वारंवार ट्रिप होऊ लागते. मग कोणीतरी येतो आणि दोन वायरी थेट जोडून आरसीसीबी बायपास करून देतो. घरात उजेड येतो, घरचे त्याचे आभार मानतात. तुर्भ्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये इतकी वर्षे काढल्यावर मी तुला अगदी कळकळीने सांगतो, हे तुझ्या घरात कधीही होऊ देऊ नकोस. ट्रिप होणे म्हणजे ती आपले काम करते आहे. अशा वेळी सगळ्या एमसीबी खाली कर, आरसीसीबी वर कर आणि कोरड्या हाताने एकेक एमसीबी चढवत जा. जिच्यापाशी ट्रिप होईल त्या सर्किटमध्ये फॉल्ट आहे, ते बंद ठेवून बाकीचे घर चालव. सगळ्या एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी टिकत नसेल तर बहुधा न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकली आहे, कारण एकेरी एमसीबी फक्त फेज तोडते. तो फॉल्ट शोधणे वायरमनचेच काम आहे.

लोडचे गणित सोपे आहे, ते तूच कर. वॅटला 230 ने भागले की अँपिअर मिळतात. 2000 वॅटचा गीझर जवळजवळ 9 अँपिअर घेतो आणि 2000 वॅटचे इंडक्शनही तितकेच. हे दोन्ही 6 अँपिअरच्या सॉकेटचे काम नव्हे, मग वर कितीही चांगले एक्स्टेन्शन लावा. दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, गीझर आणि स्वयंपाकघरातल्या पॉवर पॉइंटला अडीचची, दीड टनाच्या एसीला डीबीपासून स्वतंत्र चारची, असे मी तुझ्या घरात करून घेईन. आणि एमसीबी सारखी पडते म्हणून तिच्या जागी मोठी बसवून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याला तिथेच थांबव. 16 च्या जागी 32 ची बसवली की पातळ वायर भिंतीच्या आत तापत राहते आणि एमसीबी शांत बसून राहते.

स्वतः काय करावे, असे तू विचारले होतेस. मेन बंद करून बल्ब किंवा ट्यूब बदल, डीबीतल्या प्रत्येक एमसीबीवर कोणत्या खोलीची ते लिहून चिकटव, आरसीसीबीचे टेस्ट बटण दर महिन्याला दाब, आणि प्लग काढल्यावर त्याच्या पिना गरम लागतात का ते पाहा. तीन पिनांच्या टॉपमधली जाड, लांब पिन अर्थची असते. ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते, म्हणून ती कापून दोन पिनांवर काम भागवू नये. याहून पुढे, म्हणजे बोर्डाच्या प्लेटमागे, तू जाऊ नयेस असे माझे स्पष्ट मत आहे. तू हाताने कुशल आहेस हे मी जाणतो. पण टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वायर मृत आहे असे खात्रीने म्हणता येत नाही, आणि जोड बरोबर झाला की नाही हे मापल्याशिवाय समजत नाही. जळका वास, झटका, तडतड, मिणमिणणारे दिवे यांपैकी काहीही जाणवले तर मेन बंद करून वायरमनला बोलाव. मीटररूममधल्या सीलला मात्र आपण आणि त्यानेही हात लावायचा नाही. तिथली तक्रार महावितरणच्या 1912 क्रमांकावर करायची.

वायरमन निवडताना त्याच्याकडे शासनाचा परवाना आहे का, हे संकोच न बाळगता विचार. परवानाधारकाला त्यात अपमान वाटत नाही. त्याच्याकडे मेगर, म्हणजे वायरच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र, आहे का, हेही विचार. 500 व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रोध मोजावा, तो एक मेगोहमपेक्षा कमी भरता कामा नये, आणि आकडे त्याने लिहून द्यावेत. पाइपाच्या आत टेपचा जोड चालणार नाही. जोड फक्त जंक्शन बॉक्समध्ये. एसीमुळे मंजूर भार वाढवावा लागला तर ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्टही लागेल, तोही त्याच्याकडूनच घे. इमारतीच्या अर्थिंगची पट्टी तळमजल्यावर गंजलेली दिसली, तो प्रश्न तुझ्या एकट्याचा नाही. सोसायटीला लेखी अर्ज दे.

रविवारी सकाळी मी येतो, तोपर्यंत दोघा परवानाधारकांचे अंदाजपत्रक मागवून ठेव. भिंतीतले पाइप बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी लावून फोटो काढायचा आहे, म्हणजे पुढे खिळा ठोकताना वायर कुठून जाते ते कळेल. रंगाऱ्याला तोवर थांबव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
प्रकाश