केनियाच्या पशुधन मंत्र्यांना खुलं पत्र: शेळीबाजारात आधी वजनकाटा लावा

प्रति,
माननीय कॅबिनेट सेक्रेटरी, कृषी व पशुधन विकास,
नैरोबी

वाझिरी (स्वाहिलीत मंत्री) साहेब, नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय, इंग्रजी कॉपी तुमच्या ऑफिसला वेगळी येईलच. पण हे आपल्या माणसांनीही वाचावं असं वाटतं, कारण इथल्या मराठी लोकांना शेळी म्हटलं की रविवारचं मटण एवढंच माहीत, आणि गावाकडच्यांना वाटतं केनियात नुसते हत्ती-सिंह फिरतात. मी मूळचा आटपाडीकडचा, नैरोबीत जनावरांच्या औषधांचा धंदा करतो, त्यामुळे उत्तर केनियात इसिओलोच्या वर मार्साबिटपर्यंत येणं-जाणं सारखं चालू असतं आणि वाटेतले बाजार बघून बघून डोक्यात जे साठलंय ते आज लिहून टाकतोय.

मेरिलेचा आठवडी बाजार घ्या. नैरोबीपासून साधारण चारशे किलोमीटर, रेंदिले आणि सांबुरू या दोन्ही पशुपालक जमातींचे लोक तिथं येतात. बाई दोन शेळ्या घेऊन आदल्या दिवशीच चालत निघालेली असते. सकाळी व्यापाऱ्याचा माणूस येतो, शेळीच्या कमरेवर अंगठा ठेवून कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस चाचपतो, फऱ्यावरून हात फिरवतो आणि एक आकडा सांगतो. बाई म्हणते थोडं वाढव, तोवर हा पुढच्या शेळीकडे गेलेला असतो. तासा-दीड तासाने परत येतो तेव्हा आकडा तोच, ऊन मात्र चढलेलं. शेळी परत न्यायची तर वीस-तीस किलोमीटरची पायपीट, वाटेत पाणी नाही, घरी पोचेपर्यंत शेळी वाळणार, आणि मुळात पैसे आजच पाहिजेत म्हणून तर ती आलीय, जानेवारी असेल तर शाळेची फी, नाहीतर मक्याचं पीठ. मग पैसे हातात पडतात, शेळीच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढला जातो आणि ती दुसऱ्याच्या कळपात जाते.

आता यात कुणी चोरी केली का? नाही. पण त्या माणसाच्या बोटांना शेळीचं वजन कळलं आणि जिने ती शेळी जन्मापासून वाढवली तिला ते कळलं नाही, आणि माझं सगळं भांडण एवढ्यावरच आहे. इथली साधी गावठी शेळी पंचवीस-तीस किलोची, गल्ला जातीची असली तर त्याच्या बरीच वर, आणि कापल्यावर मटण पडतं निम्म्याला थोडं कमी. अंदाजात तीन-चार किलोचा फरक पडणं काही नवल नाही, रोजचंच आहे, आणि तो फरक दर वेळी एकाच बाजूला झुकतो.

दलालाला शिव्या घालणं सोपं आहे, मी घालणार नाही. तो बिचारा ट्रकभर शेळ्या जमेपर्यंत थांबतो, दुमजली ट्रकमध्ये कोंबून नैरोबीला कियामाइकोच्या शेळीबाजारात नेतो, वाटेत काऊंटी (म्हणजे इथला जिल्हा) बदलली की पावती फाडतो, दोन-चार शेळ्या चेंगरून मरतात, आणि तिकडचा खाटीक निम्मे पैसे आज देतो निम्मे पुढच्या खेपेला. ही सगळी जोखीम तो शेवटी कुणाकडून वसूल करणार? त्या बाईकडूनच, कारण साखळीत तिच्या मागे कोणी नाही.

तुमच्या खात्यातले लोक म्हणतील काटे दिलेत की. दिलेत, मान्य. मी एका बाजारात असा काटा पाहिलाय, समितीच्या खोलीत, वर मिठाची पोती रचलेली. कारण साधं आहे, काट्यावर शेळी चढवायची सक्ती कोणावरच नाही. विकणाऱ्याने आग्रह धरला तर व्यापारी दुसऱ्याची घेतो, आणि एकट्या बाईच्या आग्रहाला बाजारात काय किंमत? आमच्याकडं आटपाडी-लोणंदच्या बाजारातही बोकड वर्षानुवर्षं नजरेनंच तोलत आलेत, त्यामुळे नुसता काटा ठेवून काही होत नाही हे मला कोणी वेगळं सांगायला नको.

पण साहेब, तुमच्याकडं एक गोष्ट आहे जी आमच्या बाजारांत कधी धड वापरली गेली नाही, ती म्हणजे वाहतुकीचा परवाना. तुमच्या जनावरांच्या रोगांच्या कायद्याप्रमाणे पशुवैद्यकीय परमिट नसेल तर ट्रक हलूच शकत नाही. तो अधिकारी तसाही बाजारात उभा असतो, शेळ्या मोजतो, रोग बघतो, शिक्का मारतो. त्याच शिक्क्याला वजनाची पावती जोडा. एकेक शेळी नको, वेळ जाईल, दहा-दहाचा लॉट पिंजऱ्यात चढवा, सरासरी वजन लिहा, एकूण किती पैसे दिले ते लिहा, आणि वजनाची पावती नसेल तर परमिट नाही. मग वजन करणं ही व्यापाऱ्याची गरज होईल, बाईला भांडावं लागणार नाही. आणि त्या पावत्यांतून दर आठवड्याचा किलोमागचा दर आपोआप निघेल, तो बाजाराच्या फळ्यावर खडूनं लिहा आणि फोनवर पाठवा. फोन नाही असं म्हणू नका, या देशात २००७ पासून फोनवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा आहे, शेळीचे पैसे फोनवर येतात मग शेळीचा भाव का येत नाही? तुमच्या विभागाकडे बाजारभाव गोळा करायची सिस्टीम आहे हे मला माहीत आहे, पण तिच्यातला आकडा नैरोबीतल्या रिपोर्टात जातो, मेरिलेच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसाला तो सोमवारीही मिळत नाही आणि मंगळवारीही.

यासाठी पैसा कुठून, तर बाजाराच्या फीतून. प्रत्येक विक्रीमागे काऊंटी फी घेते आणि ती कुठे जाते ते विचारलं तर सगळे दुसरीकडे बघतात. उत्तरेत काही ठिकाणी ही फी काऊंटी आणि स्थानिक पशुधन बाजार समिती वाटून घेते, ती पद्धत बरी, कारण मग कुंपण कोण दुरुस्त करणार, शेळ्या ट्रकमध्ये चढवायचा उतार कोण बांधणार, पाण्याची टाकी कोण भरणार याला उत्तर देणारा माणूस तिथंच सापडतो. जिथं हिस्सा मिळत नाही तिथं टाकी कोरडी, आणि कोरड्या टाकीमुळंच बाई दुपारपर्यंत थांबू शकत नाही, म्हणजे भावातही तिचाच तोटा. बाजार काऊंटीच्या अखत्यारीत येतात, आम्ही काय करणार, असं तुम्ही म्हणू नये, परमिट तुमच्या कायद्याचं आहे.

दुष्काळाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. २०२० च्या शेवटापासून लागोपाठ पाच पावसाळे फसले आणि केनियात पंचवीस लाखांच्या आसपास जनावरं मेली. एनडीएमएची (सरकारच्या दुष्काळ व्यवस्थापन प्राधिकरणाची) दुष्काळ बुलेटिनं दर महिन्याला निघतात आणि त्यात एका शेळीला किती किलो मका येतो याचा आकडा असतो, माझ्या मते अख्ख्या रिपोर्टातला सर्वांत खरा आकडा तोच. शेळीचा भाव पडत जातो, मक्याचा चढत जातो, हे महिनोन्महिने कागदावर दिसत असतं, आणि सरकारी खरेदी सुरू होते तेव्हा शेळीच्या बरगड्या मोजता येतात. तुमच्याच सीमेपलीकडं इथिओपियातल्या मोयालेत २००६ च्या दुष्काळात दोन व्यापाऱ्यांना पंचवीस हजार डॉलरचं कर्ज दिलं, आणि त्या भागातून वीस हजारांच्या आसपास गुरं वेळेत विकली गेली. शेळ्या नव्हत्या, गुरं होती, पण युक्ती तीच. बुलेटिनमध्ये ‘अलर्ट’ हा पहिला इशारा लागल्याबरोबर व्यापाऱ्यांना वाहतुकीसाठी कर्ज द्या, ‘इमर्जन्सी’ची वाट कशाला बघायची? तोवर विकायला उरतं काय, कातडं.

अजून एक, बाजार बंद करायचे तेव्हा तारीख सांगून बंद करा. २००६-०७ मध्ये रिफ्ट व्हॅली फीव्हर हा जनावरांतून माणसांना होणारा ताप आला तेव्हा गारिसाकडचे बाजार बंद झाले, करावेच लागले, माणसं मरत होती. पण बंदी किती दिवसांची, पुढचा आढावा कधी, हे लोकांना कळलं पाहिजे, नाहीतर शेळ्या चोरवाटेने निघतात आणि रोगही त्यांच्याबरोबर निघतो. पीपीआर, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग, २०३० पर्यंत जगातून घालवायचा म्हणतात, तर लसीकरणाची टीम बाजाराच्या दिवशी बाजारातच बसवा ना, शेळ्या तिथंच आहेत, अधिकारी तिथंच आहे.

सगळीकडे एकदम करू नका, फसेल. मेरिलेला सुरू करा, सहा महिने. काटा बॅटरीचा नको, साधा स्प्रिंगचा टांगता द्या, तिथं चार्जिंग आणि रिपेअर दोन्हीचे वांधे असतात. आणि खोलीची चावी समितीतल्या एखाद्या शेळी विकणाऱ्या बाईकडे असू द्या, ऑफिसात नको.

आपला,
नैरोबीतला एक आटपाडीकर