प्रकार्यवाद निकालात काढण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत समाजशास्त्रातील विचारप्रवाहांचा परिचय करून देणारा लेख वाचला. अशा विषयाला दैनिकात जागा मिळते याचे समाधान आहेच. परंतु प्रकार्यवाद, म्हणजे एखादी संस्था वा प्रथा समाजासाठी कोणते काम (‘प्रकार्य’) करते यावरून तिचा उलगडा करणारी विचारसरणी, ही प्रस्थापित व्यवस्थेची पाठराखण आहे आणि टीकाकारांनी ती कधीच मोडीत काढली आहे, असा जो ग्रह त्या लेखातून होतो तो अपुरा आहे. टीका योग्य होती, पण ती नेमकी कशावर होती हे त्यात आलेले नाही.

समाज हा सजीव शरीरासारखा असून त्यातील प्रत्येक संस्था शरीराच्या अवयवासारखी आपापले काम करते, ही कल्पना हर्बर्ट स्पेन्सर यांनी रूढ केली आणि एमिल दुर्खीम यांनीही तिचा आधार घेतला. मात्र १८९५ मध्ये समाजशास्त्राच्या अभ्यासपद्धतीविषयी लिहिताना दुर्खीम यांनी एक पथ्य घालून दिले होते: एखादी सामाजिक गोष्ट कशामुळे निर्माण झाली हा एक प्रश्न आणि ती कोणती गरज भागवते हा दुसरा, व या दोहोंचा शोध स्वतंत्रपणे घेतला पाहिजे. पुढच्या अनेक प्रकार्यवाद्यांनी हे पथ्य पाळले नाही. एखादी प्रथा उपयोगी आहे असे दाखवले की ती का अस्तित्वात आहे हेही सांगून झाले, असे मानण्याची सवय जडली आणि माझ्या मते प्रकार्यवादावरील निम्मी टीका त्या सवयीनेच ओढवून घेतली.

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे किंग्जली डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांनी १९४५ मध्ये केलेली सामाजिक स्तरीकरणाची, म्हणजे समाजातील उच्चनीच थरांविषयीची, मांडणी. काही पदे समाजाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची असतात, ती सांभाळण्याची पात्रता थोड्यांकडेच असते आणि त्यासाठी दीर्घ प्रशिक्षण लागते. म्हणून त्या पदांना अधिक मोबदला व प्रतिष्ठा द्यावी लागते आणि त्यामुळे विषमता अटळ ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. मेल्विन ट्युमिन यांनी १९५३ मध्ये त्याची एकेक कडी तपासली. कारखान्यात अभियंता अकुशल कामगारापेक्षा महत्त्वाचा, असे आपण कोणत्या मापाने ठरवतो? सगळे कामगार निघून गेले तर एकट्या अभियंत्यांच्या बळावर कारखाना चालणार नाही. शिवाय पात्रता थोड्यांकडेच असते हे तरी कसे कळले? जिथे शिक्षणाची संधीच आईवडिलांच्या संपत्तीवर अवलंबून असते, तिथे खालच्या थरांत किती गुणवत्ता दडली आहे हे कळण्याचा मार्गच स्तरीकरण बंद करून टाकते. ज्या व्यवस्थेमुळे गुणवान माणसे योग्य जागी पोहोचतात असा दावा होता, तीच त्यांच्या वाटेत उभी असते, हे ट्युमिन यांनी दाखवून दिले. ही टीका आजही मला निरुत्तर करणारी वाटते.

सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये प्रकार्यवादाचे प्रमुख अमेरिकी सिद्धान्तकार टॅल्कॉट पार्सन्स यांचे लांबलचक उतारे मोजक्या सोप्या वाक्यांत उतरवून दाखवले आणि त्या भव्य सिद्धान्तात सत्तेला जवळजवळ स्थानच नाही, हे निदर्शनास आणले. राल्फ डाहरेनडॉर्फ यांचाही रोख तोच होता: सर्वांची मूल्ये एक आणि संघर्ष नाममात्र, असा समाज प्रत्यक्षात कुठेच नसतो.

परंतु या टीकाकारांच्या आधीच, १९४९ मध्ये, रॉबर्ट मर्टन यांनी प्रकार्यवादाच्या आतूनच त्याची झाडाझडती घेतली होती, आणि परिचयपर लिखाणातून नेमकी हीच बाजू गळते. समाजातील प्रत्येक गोष्ट संपूर्ण समाजाच्या हिताची असते, टिकून राहिलेल्या प्रत्येक प्रथेचा काहीतरी लाभ असतोच आणि ती प्रथा अपरिहार्य असते, ही तिन्ही गृहीतके मर्टन यांनी नाकारली. एकच गोष्ट एका गटाला उपकारक आणि दुसऱ्याला अपायकारक असू शकते. तिचे परिणाम प्रकट असतात तसे सुप्तही असतात. आणि तेच काम दुसऱ्या मार्गानेही होऊ शकते. म्हणजे ‘हे कोणाच्या उपयोगाचे?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय प्रकार्याचा दावा पूर्णच होत नाही.

हर्बर्ट गॅन्स यांनी १९७२ मध्ये हे हत्यार दारिद्र्याच्या प्रश्नावर चालवले. अमेरिकी समाजात गरिबीमुळे गरीब नसलेल्यांचे, विशेषतः सधनांचे, काय काय भागते याची पंधरा प्रकार्ये त्यांनी नोंदवली. घाणीची, धोक्याची आणि कमी वेतनाची कामे करायला माणसे मिळतात. गरिबांना मदत करणाऱ्या वा त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या व्यवसायांना रोजगार मिळतो. शिळा पाव आणि वापरलेले कपडे यांना गिऱ्हाईक लाभते. आळशी किंवा अप्रामाणिक म्हणून बोट दाखवायला कोणीतरी हाताशी असते, आणि त्यातून इतरांच्या सद्गुणांना झळाळी येते. यातील बरीच कामे गरिबीवाचूनही होऊ शकतात, उदाहरणार्थ नकोशा कामाला भरघोस वेतन देऊन. पण त्या पर्यायांची किंमत सधनांना मोजावी लागेल, म्हणून गरिबी टिकते. ही पाठराखण नव्हे, आरोपपत्र आहे, आणि ते प्रकार्यवादाच्याच भाषेत लिहिलेले आहे.

तरीही एका आक्षेपाचे पुरते निरसन मर्टन यांच्या दुरुस्तीनेही होत नाही. लाभ हा परिणाम आहे, आणि परिणाम आपल्या कारणाच्या आधी येऊ शकत नाही. तेव्हा त्या लाभामुळे प्रथा टिकते असे म्हणायचे तर ती कोण, कोणत्या बळावर टिकवतो हे दाखवावे लागते. गॅन्स यांच्या विवेचनात ही साखळी निदान दिसते. पार्सन्स यांच्या कुटुंबविषयक मांडणीत ती दिसत नाही. पतीने अर्थार्जन करावे आणि पत्नीने घर व भावनिक जिव्हाळा सांभाळावा, ही विभागणी १९५५ च्या त्यांच्या लेखनात कुटुंबाच्या स्थैर्याला पोषक म्हणून येते. त्या स्त्रीला काय वाटते, ही विचारपूस तिथे आढळत नाही. ती अॅन ओकली यांनी केली. लंडनमधील ४० गृहिणींच्या मुलाखतींवर आधारलेला त्यांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रिया घरकामात आठवड्याला सरासरी ७७ तास घालवत होत्या आणि त्यांपैकी ७० टक्के आपल्या या कामाबद्दल असमाधानी होत्या.

कळावे,
आपली,
समाजशास्त्राची एक अभ्यासक