तुझ्या लोच माशांना पिल्लं झाली

प्रिय अव्या,

माझं अक्षर बघून दचकला असशील. सात महिने फोन नाही, मेसेज नाही आणि आता एकदम चार पानी पत्र. काही बिनसलेलं नाही. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे, हिचा गुडघाही जैसे थे. फोनवर सांगायला बसलो असतो तर तू मधेच ओरडला असतास आणि मला जे कबूल करायचंय ते राहून गेलं असतं, म्हणून पत्र.

तर तुझ्या कुहलींना, त्या पट्ट्यापट्ट्यांच्या लोच माशांना, पिल्लं झालीत.

हो, कुहलींना! घरच्या टँकमध्ये हे कधी विणार नाहीत म्हणून तू नानांशी पैज लावली होतीस. ("हे मासे वीत नाहीत, अंडी घालतात," इति नाना.) पैज हरलास. नाना वसूल करायला नाहीत, हे तुझं नशीब.

झालं असं. टँकच्या कॅनिस्टर फिल्टरची धार बारीक झाली होती. रविवारी तो उघडला, टँकचंच पाणी बादलीत काढलं आणि त्यात स्पंज पिळायला बसलो. तुझ्या पद्धतीनं, बरं का. तो नळाखाली धुतलेला स्पंज अजून तुझ्या डोक्यात असणारच. नळाच्या क्लोरीननं स्पंजातले अमोनिया पचवणारे जिवाणू मेले, तीन दिवसांत अमोनिया चढला आणि मेलेल्या टेट्रा माशांची रांग लागली. तू महिनाभर बोलला नाहीस. मी म्हणालो होतो, मासे माझे, स्पंज माझा, तुला काय पडलंय? ते वाक्य मी आजही मागे घेत नाही. पण स्पंज तेव्हापासून बादलीतच धुतो.

तर त्या चॉकलेटी पाण्यात एक दोरा वळवळला. मला वाटलं, जंत. बादली ओतायला उचललीसुद्धा. मग दुसरा वळवळला आणि वळताना त्याच्या अंगावर पट्टे दिसले. मी तिथेच फतकल मारून बसलो. भिंग आणलं. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं कापलेल्या दोऱ्यासारखं अंग, पुढे दोन ठिपके डोळ्यांचे आणि तोंडाला मिशा! एवढ्याशा जिवाला मिशा, अव्या. आपला बंड्या दहावीला होता तेव्हा त्याला होत्या, त्याहून ठसठशीत.

अकरा निघाली. जाळी वापरली नाही. डोळ्याखालचा काटा जाळीत अडकतो, ते तू बजावलेलं लक्षात होतं. एकेक करून मोठ्या ड्रॉपरनं उचलली. दोन तास लागले. पाठ अजून दुखतेय.

आता तू म्हणशील, फिल्टरमध्ये कशी? मोठे कुहली स्वतःचीच अंडी खातात. जी पाण्याच्या ओढीनं फिल्टरमध्ये गेली, ती वाचली. तिथे अंधार, खाणारं कोणी नाही आणि स्पंजावर चोवीस तास गाळाची पंगत. त्या जाड्या मादीच्या पोटात हिरवं दिसतं म्हणून तू नाचत होतास आणि मी म्हणालो होतो, तिला बद्धकोष्ठ झालंय. ती अंडी होती. घे, एक गुण तुला.

पण त्या रात्री झोप लागेना. दर दीड महिन्यानं मी फिल्टर धुतो आणि बादली बाल्कनीतल्या कुंड्यांत ओततो. खत म्हणून. म्हणजे आधीच्या बादल्यांत काय काय होतं? रात्री एक वाजता टॉर्च घेऊन मनीप्लँटची माती उकरत होतो. ही उठून आली, काय हरवलंय विचारलं. म्हटलं, पोरं. ती काही न बोलता परत जाऊन झोपली. माती कोरडी होती, अर्थात. पण ते डोक्यातून जात नाही. तुझा सल्ला पाळला म्हणून अकरा वाचली, आणि तोच सल्ला पाळताना किती कुंडीत गेली कुणास ठाऊक.

पिल्लांना वीस लिटरचा जुना टँक दिलाय. कॅनिस्टर नाही, साधा स्पंज फिल्टर, तोही मोठ्या टँकमध्ये महिनाभर मुरवलेला. पुढेमागे लागेल म्हणून टाकून ठेवला होता, तो आत्ता उपयोगी पडला. तळाला बारीक वाळू, बोटाच्या पेराएवढाही नाही इतका पातळ थर; खडी नाही, खरखरीत खडीनं मिशा झिजतात म्हणून. वर देशी बदामाची दोन वाळकी पानं. पान दोन-चार दिवसांत बुळबुळीत झालं की पोरं त्याच्या खालून चिकटून ते चाटत बसतात. तापमान सव्वीस.

खाण्याचं मात्र डोक्याला ताप झालंय. हे काही गप्पी नाहीत, की झाकण उघडलं की तोंडं वर. दिवसभर पानाखाली. अन्न टाकायचं दिवा मालवल्यावर, आणि खाल्लं की नाही ते देवाला माहीत. पहिल्या आठवड्यात बापाचं प्रेम उतू गेलं. आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा कोळंब्या, उबवायला घातला, लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम मीठ, हवेचा पंप, चोवीस तासांत केशरी धूळ तरंगायला लागली. बाटलीच्या एका बाजूला उजेड धरला की सगळी धूळ तिकडे गोळा होते, टरफलं वर राहतात, न फुटलेली अंडी खाली. मधला भाग ओढून घ्यायचा, रुमालात गाळायचा, गोड्या पाण्यानं धुवायचा. हे सगळं मी नीट केलं आणि मग ड्रॉपरच्या ड्रॉपर ओतले. गोड्या पाण्यात ते जीव काही तासांतच मरतात. सकाळी वाळूवर केशरी साय धरलेली. टेस्ट केली तर अमोनिया चढलेला, ०.५. दोन पोरं गेली. उपाशी नव्हे, माझ्या हातून अजीर्णानं गेली म्हण.

तेव्हापासून थेंब मोजतो. सकाळी थोडे मायक्रोवर्म, म्हणजे बारीक जंत, ते थेट तळाला जातात आणि गोड्या पाण्यात बराच वेळ वळवळत राहतात, म्हणून लोच पिल्लांना बरे. रात्री आर्टेमियाचे चार थेंब. मधे कधीतरी सुक्या खाद्याची पूड, दोन बोटांत चिमटून जेवढी येईल तेवढीच. रोज दोन लिटर पाणी हवेच्या बारीक नळीनं काढतो, पांढऱ्या बादलीत, आणि ओतण्याआधी ती बादली टॉर्च मारून बघतो. दोनदा बघतो. ही म्हणते, तिसऱ्यांदा पण बघ.

आणि एक शोध लागलाय, माझा मला. दिवा मालवून अर्ध्या तासानं काचेवर बाजूनं टॉर्च धरायचा. अंग अजून पारदर्शक आहे, त्यामुळे आर्टेमिया खाल्लेल्याचं पोट केशरी चमकतं. पट्ट्यांमधून केशरी रेघ. काल सात पोटं केशरी दिसली. आठवं पान सोडायला तयार नाही आणि नववं मला तीन दिवस दिसलेलंच नाही. मोजताना एकच दोनदा मोजतोय का, तेही कळत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, कुहली दिसत नाही म्हणजे मेला असं नाही. मान्य. पण दिसत नाही म्हणजे जिवंत आहे असंही नाही ना, शहाण्या?

कारण, आता सांगतो ते सांगायचं होतं. तू जाताना सहा दिले होतेस. पाच आहेत.

हीटरची वायर जाते तिथे झाकणात फट आहे, तिच्यात स्पंजाचा तुकडा कोंब, असं तू दारातून निघता निघता म्हणाला होतास. मी हो म्हणालो होतो. कोंबला नाही. आधी आठवडाभर वाटलं लपला असेल. मग स्टँड पुढे ओढला तर मागे भिंतीला लागून पडला होता, सुतळीच्या तुकड्यासारखा. पट्टे दिसत होते अजून. तो तुटक्या कल्ल्याचा, तुझा लाडका. त्यानंतर दोनदा तुझा फोन आला आणि मी उचलला नाही. तिसऱ्यांदा "मीटिंगमध्ये आहे" म्हणून पाठवलं, रविवारी. तुला तेव्हाच संशय आला असेल. फट आता बुजवलीय, दोन्ही टँकची.

शिवी द्यायची तर सावकाश दे, पण आधी एवढं सांग. मोठ्यांत कधी सोडू? मला वाटतं तीन सेंटिमीटर होऊ देत. ही म्हणते, सोडूच नकोस, तू मोजत बसशील. आणि शेपटीला पांढरं काही धरलं तर औषध अर्ध्या मात्रेनंच ना? लोच माशांना पूर्ण मात्रा सोसत नाही, हे माहीत आहे, पण एवढ्यांना अर्धी तरी? धीर होत नाही. सध्या फक्त पाणी बदलतोय. कॅनिस्टरच्या तोंडाला जाड स्पंज बसवावा, की तसंच ठेवावं? बसवला तर पुन्हा अंडी आत जायची नाहीत, मोठेच खाऊन टाकतील; नाही बसवला तर ती पुन्हा फिल्टरमध्ये आणि तिथून माझ्या बादलीत. याचं उत्तर मला स्वतःचं स्वतःला देता येईना.

तुझी नवी नोकरी कशी आहे? साहेब तसाच की बरा? आईंचं मोतीबिंदूचं झालं असं माधवीकडून कळलं, बरं झालं. पिंकीचा रिझल्ट लागला का? रेखाला सांग, तिनं दिलेलं झाड जगलंय, बादलीच्या पाण्यावर. (ते मी वर लिहिलंय ते तिला वाचून दाखवू नकोस.)

पत्रानंच उत्तर दे. फोन केलास तर उचलीन, पण रात्री नऊ ते दहा नको, तेव्हा मी मोजत असतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. तुझं भिंग हरवलं नव्हतं. माझ्याकडेच आहे. आत्ता मागू नकोस.